पान्तेलेरियाची पासितो: वाऱ्याच्या बेटावरची वाळवलेली द्राक्षं

द्राक्षमळा

नमस्कार मंडळी,

मी मूळचा तासगाव तालुक्यातला. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. ऑक्टोबर छाटणी झाली की थेट पाडव्यापर्यंत घरात दुसरा विषय नसायचा. गेली सहा वर्षं नोकरीमुळे इटलीत, तोरिनोला आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बायको आणि मी पान्तेलेरिया नावाच्या बेटावर जाऊन आलो. पासितो म्हणजे तिथली वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाइन. वाइनवर लिहिणारे जाणकार इथे आहेतच, पण तिथे जे पाहिलं ते बेदाण्याच्या घरातल्या माणसाने लिहावं असं फार वाटलं, म्हणून हा धागा.

आधी बेट कुठे आहे ते सांगतो. सिसिलीच्या नैर्ऋत्येला साधारण १०० किलोमीटरवर. बेटापासून ट्युनिशियाचा किनारा ७० किलोमीटर, म्हणजे इटलीपेक्षा आफ्रिका जवळ. क्षेत्रफळ ८३ चौरस किलोमीटर. अख्खं बेट ज्वालामुखीचं. काळा दगड, मध्ये ८३६ मीटरचा माँतान्या ग्रांदे हा डोंगर, आणि आपल्याला नदी म्हणता येईल असं काहीही नाही. पाणी जे काही मिळतं ते पावसाचं आणि दवाचं. वारा मात्र हवा तेवढा. आफ्रिकेकडून येणारा गरम सिरोक्को आणि वायव्येकडून येणारा माएस्त्राले. आम्ही पाच दिवस होतो, त्यातला एकही दिवस टोपी डोक्यावर टिकली नाही.

अशा ठिकाणी द्राक्षाचा वेल उभा राहणार कसा? उत्तर असं की तो उभा राहतच नाही. जमीन सपाट करून खळगा करतात, त्या खळग्यात वेल लावतात, आणि खोड जमिनीलगत ठेवून त्याला चहूबाजूंनी साधारण सहा फांद्या पसरू देतात. वरून पाहिलं तर जमिनीत दाबून बसवलेलं हिरवं चाक दिसतं. वारा वरून निघून जातो, रात्रीचं दव खळग्यात उतरतं, पावसाचा थेंबही तिथेच मुरतो. या पद्धतीला आल्बेरेल्लो म्हणतात, म्हणजे छोटं झाड. खळगा एकदा करून भागत नाही. माती सरकत राहते, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा सारखा करावा लागतो. सगळं हाताने, आणि बहुतेक गुडघ्यावर बसून.

आमच्याकडे मांडव किंवा वाय पद्धत, म्हणजे वेल इंग्रजी Y च्या आकाराच्या आधारावर उंच चढवायचा. आम्ही जन्मभर घड विरळायला हात वर करून उभे. बाबांची मान आणि खांदे त्यातच गेले. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या चालण्यावरून कळतं की त्यांचे गुडघे आणि कंबर गेलेली आहे. पीक तेच, फक्त दुखणं वेगळ्या जागी.

युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत पान्तेलेरियाचं नाव घेतलं. ते वाइनसाठी घेतलेलं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घेतलं ते या आल्बेरेल्लो लागवडीसाठी, म्हणजे खळगा करण्याच्या, छाटण्याच्या आणि बापाने मुलाला, आईने मुलीला शेतात शिकवण्याच्या पद्धतीसाठी.

आता द्राक्ष. जातीचं नाव झिबिब्बो. जगात इतरत्र याला मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया म्हणतात. पांढरं द्राक्ष, मोठा दाणा, जाड साल, आत बिया. तोंडात टाकलं की गुलाबपाण्यासारखा वास नाकात चढतो.

ऑगस्टच्या मध्यापासून पहिली तोडणी सुरू होते. हे घड वाळवायचे. दगडी बांधाच्या उबेला, उतारावर, उन्हात पसरतात. तीन-चार आठवडे. रोज हाताने उलटायचे, रात्री दव पडायच्या आत झाकायचे. सप्टेंबरमध्ये दुसरी तोडणी होते, ती ताज्या रसासाठी. हा रस आंबायला लागला की त्यात ती वाळलेली द्राक्षं देठ काढून टप्प्याटप्प्याने घालतात. सुकलेला दाणा रस पितो, फुगतो आणि आपली साखर, आपला वास रसाला देऊन टाकतो. त्यातून जी वाइन निघते ती पासितो दि पान्तेलेरिया. मद्यार्क किमान १४ टक्के, आणि न आंबलेली साखर चांगल्या बाटलीत लीटरमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास. एका नावाजलेल्या पासितोच्या एका लीटरला चार किलो द्राक्षं लागतात असं तिचे उत्पादक सांगतात. हा आकडा ऐकून मी थबकलो. आमच्याकडेही एक किलो बेदाण्याला साधारण चार किलोच द्राक्षं जातात.

खाम्मा नावाच्या भागात एका आजींनी आम्हाला त्यांच्या वाळवणाजवळ येऊ दिलं. वय पंच्याहत्तरच्या पुढचं. माझी इटालियन कामापुरती आणि त्या बोलत होत्या पान्तेस्को बोली, त्यामुळे निम्मं खुणांनीच चाललं होतं. मी म्हटलं, आमच्या घरी हेच काम चालतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक दाणा उचलून माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, 'झाला का?'

आमच्या शेडमध्ये बाबा मूठभर बेदाणा आवळून मूठ उघडतात. दाणे सुटे झाले तर माल झाला. मी सवयीने तसंच करायला गेलो. आजी नको म्हणाल्या. त्यांनी अंगठा आणि पहिल्या बोटात एकच दाणा धरला, हळूच फिरवला आणि थांबल्या. मला करायला लावलं. साल सुरकुतलेली होती, पण आत गर अजून सरकत होता, घट्ट पाकासारखा. तो सरकतो तोवरच उचलायचा. पूर्ण सुकला तर खायला चांगला, वाइनला मेला. त्या मोकळ्या उन्हात, काळ्या दगडांमध्ये, अर्धवट वाळलेल्या द्राक्षांचा जो वास येत होता तो अगदी आमच्या शेडचा होता. मार्च महिन्यातल्या दुपारचा. फक्त त्यात गंधक नव्हता आणि समुद्र होता.

बायकोने माझा हात धरला तेव्हा मला कळलं की माझे डोळे भरले होते.

बाकी प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहितो.

---

रानजाई

किती सुंदर लिहिलं आहे! मी वाइन घेत नाही, घरात कोणी घेतही नाही, पण शेवटपर्यंत वाचलं. 'सरकतो तोवरच उचलायचा' हे डोक्यात राहील. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

गोदाकाठ

मी नाशिकजवळच्या वाइनच्या द्राक्षांच्या बागेत काम पाहते, म्हणून एक भर घालते. गोड वाइन आपल्याकडेही होते, पण तिचा मार्ग वेगळा. नाशिकला चेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची जी लेट हार्वेस्ट होते त्यात द्राक्षं वेलीवरच जास्त दिवस ठेवतात. साखर वाढते, थोडं पाणी उडतं, मग तोडतात. पासितोत आधी तोडणी आणि मग वाळवण. दोन्ही गोड असल्या तरी चवीत फरक पडतो, कारण वाळवताना दाण्याच्या आत वेगळे बदल होतात. ताज्या फळाचा वास कमी होऊन जर्दाळू, खजूर, सुक्या अंजिराकडे जातो.

द्राक्षमळा यांना दोन प्रश्न. एक, एवढी साखर असून ती वाइन जिभेला चिकट लागत नाही म्हणतात, ते का? दोन, तुमच्याकडे डिपिंग करता तसं तिथे करतात का?

---

द्राक्षमळा

गोदाकाठ ताई, आधी दुसऱ्याचं उत्तर, कारण त्यावर मी आजींशी बराच वेळ बोललो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी आत धरून ठेवतो. आम्ही घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतो. त्याने मेणाच्या थराला बारीक वाटा पडतात आणि पाणी भराभर निघतं. मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर, सावलीत, वाऱ्यावर. १२ ते १५ दिवसांत माल तयार. सावली यासाठी की रंग हिरवा-पिवळा राहावा. बाजारात भाव रंगाला आहे. मी सांगितलं ते आजींनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, 'रंग कोण खातं?' त्यांच्या वाळवणात काही बुडवत नाहीत. ऊन, वारा आणि हात, बास. म्हणून दिवस दुप्पट लागतात आणि दाणा तपकिरी होतो. तो तपकिरीपणाच पुढे वाइनचा रंग आणि चव होतो.

पहिल्या प्रश्नाचं मला कळलेलं उत्तर असं, की आंबटपणा. सप्टेंबरच्या ताज्या द्राक्षांचा रस पाया म्हणून असतो, तो आंबटपणा घेऊन येतो. पहिल्या घोटाला मध आणि संत्र्याची साल, मग जर्दाळू, आणि गिळल्यावर तोंड कोरडं-स्वच्छ. शेवटी किंचित खारट काहीतरी राहतं. ते समुद्राचं की माझ्या मनाचं हे तुम्हीच चाखून ठरवा.

---

शब्दवेडी

धाग्याचा विषय वाइन असला तरी मला शब्दांनीच धरून ठेवलं, म्हणून थोडं अवांतर.

झिबिब्बो हा अरबी 'ज़बीब' वरून आला. ज़बीब म्हणजे वाळवलेलं द्राक्ष. म्हणजे या द्राक्षाचं नावच मुळात 'सुका मेवा' असं आहे, वाइन नंतरची. बेटावर अरबांचं राज्य नवव्या शतकापासून ११२३ पर्यंत होतं, मग नॉर्मन राजा रॉजर दुसरा याने ते घेतलं. अरब गेले, गावांची नावं राहिली. खाम्मा, गादिर, बुक्कुराम, बुजेबर, रेखाले. इटालियन नकाशात ही नावं वाचताना आपण ट्युनिसच्या बाजारात आहोत असं वाटतं.

आता आपल्याकडे या. 'मनुका' आला मुनक्क्यावरून, आणि तो अरबी 'मुनक्का' वरून, अर्थ 'साफ केलेला, बी काढलेला'. 'बेदाणा' फारसी, 'बे' म्हणजे विना, 'दाना' म्हणजे बी. तासगावच्या शेडमध्ये आणि पान्तेलेरियाच्या बांधावर अरबी-फारसी नावांची द्राक्षं वाळत आहेत. एकाच्या नावात फक्त वाळणं आहे, दुसऱ्याच्या नावात बी गेलेली आहे.

---

द्राक्षमळा

शब्दवेडी ताई, हे तुम्ही लिहिलंत आणि मी अर्धा तास गप्प बसून होतो. कारण 'बी गेलेली' हाच त्या बेटाचा घाव आहे. मूळ लेखात हे लिहायचं मी टाळलं होतं, आता लिहितो.

पान्तेलेरिया कायम वाइनवर जगलं नाही. विसाव्या शतकात बरीच वर्षं बेटाचा मोठा धंदा होता झिबिब्बो खाण्यासाठी विकायचा, ताजा आणि वाळवलेला. जहाजं भरून माल जायचा. मग बाजारात बिनबियांची द्राक्षं आणि बिनबियांचे मनुके आले. लोकांना बी थुंकायचा कंटाळा. झिबिब्बोला बी आहे, जाड साल आहे, आणि तो गुडघ्यावर बसून पिकवलेला म्हणून महाग आहे. गिऱ्हाईक गेलं. वेलींखालची जमीन हजारो हेक्टरांवरून काही शे हेक्टरांवर आली. बेटावर फिरताना ते डोळ्यांनी दिसतं. डोंगरावर वरपर्यंत दगडी पायऱ्या बांधलेल्या आहेत, आणि त्यांच्यावर झुडपं माजली आहेत. कुणाच्या तरी आजोबांनी एकेक दगड रचून केलेली ती शेतं.

आमचं घर कशावर उभं राहिलं? थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश, जी आमच्याच तालुक्यातली. पुढे सोलापूरच्या नान्नजची सोनाका. सगळ्या बिनबियांच्या. माझं शिक्षण, बहिणीचं लग्न, तोरिनोचं पहिलं विमान तिकीट, सगळं बिनबियांच्या द्राक्षावर. त्यांचा बाजार आमच्या मालाने मोडला नाही, तो आधीच दुसऱ्या देशांच्या मालाने मोडला होता. पण जात एकच. आजींना मी हे सांगितलं. भाषा अपुरी पडत होती तरी सांगितलं, कारण न सांगता त्यांच्या वाळवणाला हात लावणं मला बरं वाटेना. त्यांनी खांदे उडवले आणि अंगणातल्या नातवाकडे बोट करून म्हणाल्या, 'हा पण बिनबियांचीच खातो.'

पासितोने बेटाला वाचवलं असं कोणी म्हणतं तेव्हा ते याच अर्थाने. खायला कोणी घेईना ते द्राक्ष बाटलीत गेलं. पासितोला १९७१ साली नियंत्रित नावाचा दर्जा मिळाला (म्हणजे ठरलेल्या भागातल्या, ठरलेल्या पद्धतीच्या वाइनलाच ते नाव), पण जगभर नाव झालं ते नंतर, काही घरांनी जिद्दीने चांगला माल केला तेव्हा. मार्सालाचे मार्को दे बार्तोली यांची बुक्कुराम, साल्वातोरे मुराना यांची मार्तिंगाना, दोन्नाफुगाता या घराण्याची १९८९ पासून निघणारी बेन रिये. बेन रिये म्हणजे वाऱ्याचा पुत्र, हेही अरबीच.

---

जुना_खलाशी

इतिहासाची भर. हे बेट १९४३ साली जगाच्या बातम्यांत होतं. मुसोलिनीने तिथे विमानतळ आणि डोंगरात खोदलेला हँगर करून ठेवला होता. सिसिलीवर उतरण्याआधी दोस्त राष्ट्रांनी पान्तेलेरियावर अनेक दिवस प्रचंड बाँबफेक केली आणि ११ जून १९४३ ला बेटाने शरणागती पत्करली. बंदराजवळचं जुनं गाव त्यात जवळपास संपलं. आज तिथे दिसतात त्या इमारती बहुतेक युद्धानंतरच्या.

आणि त्याच्या कित्येक हजार वर्षं आधी लोक इथे यायचे ते काळ्या काचेसाठी, म्हणजे ऑब्सिडियनसाठी. धार लावलेली पाती करायला. मुर्सियाला त्या काळच्या वस्तीजवळ दगडांच्या मोठ्या समाध्या आहेत, त्यांना सेसी म्हणतात.

---

गडग्यावरून

मी राजापूरकडचा. फोटो टाकलेत त्यातला दगडी बांध पाहून लिहितोय. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आमच्याकडे याला गडगा म्हणतात. गडगा घालणारे चांगले गडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. तिथे बांध घालतो कोण? आणि फोटोत एक गोल बुरुज दिसतोय बिनछपराचा, ते काय आहे? विहीर?

---

प्रवासी_पक्षी

गडग्यावरून, मी तीन वर्षांपूर्वी गेले होते, मी सांगते. ती विहीर नाही, ती बाग आहे! जार्दिनो पान्तेस्को म्हणतात. गोल, जाड, पुरुषाच्या दुप्पट उंचीची कोरड्या दगडांची भिंत, एक छोटं दार, वर आभाळ, आणि आत फक्त एक झाड. संत्र्याचं किंवा लिंबाचं. एवढं बांधकाम एका झाडासाठी! वारा लागू नये म्हणून, आणि रात्री दगड गार झाले की त्यांच्यावरून ओलावा उतरून मुळाशी जावा म्हणून. खाम्माजवळची अशी एक बाग दोन्नाफुगाताने २००८ साली इटलीच्या वारसा जपणाऱ्या संस्थेला, म्हणजे फाईला, देऊन टाकली. ती पाहता येते. आत शिरल्यावर वाऱ्याचा आवाज एकदम बंद होतो. आपण कानात बोटं घातल्यासारखं वाटतं, आणि नाकाला लिंबाच्या पानांचा वास.

घरंही तशीच. दाम्मूसो नावाची. भिंती इतक्या जाड की खिडकीत माणूस झोपेल. वर चुन्याचे पांढरे घुमट. घुमट कशाला, तर पावसाचा थेंब न थेंब घसरून खालच्या टाक्यात जावा. छत म्हणजेच पाणलोट क्षेत्र.

आणि कोरड्या दगडी बांधकामाची कला २०१८ साली युनेस्कोच्या यादीत आली, तेव्हा इटलीसह आठ देशांची मिळून. तुमच्या राजापूरच्या गड्यांना हे सांगा.

---

गडग्यावरून

सांगतो. एकजण तर माझा चुलत काकाच आहे. एका झाडासाठी बुरुज, हे ऐकून तो काम सोडून बसेल आणि चारदा विचारेल. धन्यवाद ताई.

---

कोइमतूरकर

द्राक्षमळा, तुम्ही 'गुलाबपाण्यासारखा वास' लिहिलंत म्हणून सांगतो. मी वीस वर्षं तमिळनाडूत आहे. इथे कंबम खोऱ्यात 'पन्नीर द्राक्षं' होतात, जांभळी-काळी, बियांची. पन्नीर म्हणजे गुलाबपाणीच. आपल्याकडे जुनी माणसं याला गुलाबी म्हणतात. ही जात मस्कत हॅम्बर्ग, आणि तिच्या आईबापांपैकी एक म्हणजे मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया, तुमचा झिबिब्बो. वनस्पतीच्या डीएनएवरून हे नक्की झालं आहे. म्हणजे झिबिब्बोची लेक दक्षिण भारतात नांदते आहे, आणि इथल्या रस्त्यावर टोपलीत विकली जाते. आमच्या दारावर येणारी बाई बिया थुंकायला कागदाचा द्रोण पण देते.

---

शब्दवेडी

कोइमतूरकर, ही आजची सगळ्यात गोड बातमी.

---

साखरगाठ

मला व्यवहाराचं विचारायचं आहे. मुलगी मिलानला शिकते, डिसेंबरात येणार आहे. कोणती बाटली आणायला सांगू? कशाबरोबर प्यायची? आणि ही 'व्हाइट' वाइन कशी, फोटोत तर अगदी गुळाच्या पाकासारखी दिसते!

---

द्राक्षमळा

साखरगाठ ताई, पांढऱ्या द्राक्षाची म्हणून व्हाइट. वाळवणाने रंग असा अंबरासारखा होतो.

बाटली निवडताना नावात 'पासितो दि पान्तेलेरिया' असं आहे ना ते बघायला सांगा. 'मोस्कातो दि पान्तेलेरिया' हीही त्याच द्राक्षाची गोड वाइन, पण दोन्ही एक नव्हेत. अर्धी बाटली पुरे. ही ग्लास भरून प्यायची वाइन नाही, छोट्या ग्लासात दोन बोटं. थंड करा, पण बर्फगार नको, नाहीतर वास बसून जातो. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये बरेच दिवस राहते, साखर तिला सांभाळते.

इटलीत हिच्याबरोबर निळी बुरशी असलेलं गोर्गोन्झोला चीज देतात. खारट आणि गोड, चांगलं जमतं. बेटावर 'बाचो पान्तेस्को' नावाचा पदार्थ देतात. लोखंडी फुलाचा साचा पातळ पिठात बुडवून तेलात सोडायचा, फूल सुटून वर येतं, अशा दोन फुलांमध्ये रिकोता भरायचा. वसईच्या आणि गोव्याच्या मंडळींना हा साचा ओळखीचा वाटेल, नाताळात त्यांच्या घरी रोझ कुकीज याच साच्याने होतात. मी घरी करून पाहिलं ते म्हणजे भाजलेले बदाम आणि साधे चिरोटे, पाकातले नव्हे. पुरणपोळीबरोबर मात्र नको, गोडावर गोड होतं आणि दोघांचाही मान जातो.

गोड नको असेल तर झिबिब्बोची कोरडी वाइनही मिळते. वास गोड फुलांचा आणि चव कोरडी, पहिल्यांदा माणूस चकित होतो.

---

गोदाकाठ

मजुरांचं काय? आमच्याकडे छाटणीला माणसं मिळत नाहीत ही रोजची कटकट आहे. आल्बेरेल्लोला ट्रॅक्टर लावता येत नसणार.

---

द्राक्षमळा

नाहीच लावता येत. खळगे, बांध, अरुंद पायऱ्या. पूर्वी गाढवं होती. पान्तेलेरियाचं गाढव म्हणजे उंच, गडद, चालायला चपळ, नावाजलेली जात. ती जवळजवळ नामशेष झाली होती, सिसिलीत एरिचेजवळ तिचं संवर्धन चालू आहे. आता पाठीवर आणि छोट्या गाड्यांतून क्रेट वाहतात. तरुण मुलं सिसिलीला आणि पुढे उत्तरेला जातात. मला मुलं कुठे जातात हे सांगायची गरज नाही, मी स्वतः तोरिनोत बसून हे लिहितोय.

आजींच्या शेतात त्या, त्यांचा मुलगा आणि तोडणीपुरते दोन ट्युनिशियन गडी होते. त्यातला एकजण 'झिबिब्बो' म्हणताना हसला आणि म्हणाला, ज़बीब, ज़बीब. आजींनी मान डोलावली. वर्षानुवर्षं तोच माणूस येतो.

---

रानजाई

तुमच्या बाबांना हे सगळं सांगितलंत का? ते काय म्हणाले?

---

द्राक्षमळा

रानजाई ताई, सांगितलं. व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. त्यांनी वाइनबद्दल एक शब्द विचारला नाही. पहिला प्रश्न, 'अवकाळी आला तर काय करतात?' मी म्हटलं, ताडपत्री टाकतात, ऑगस्टअखेर वादळं येतातच. दुसरा प्रश्न, 'उलटताना मणी गळत नाहीत?' तिसरा, 'खळग्यात पाणी साचून मुळी कुजत नाही?' ज्वालामुखीची माती भुसभुशीत असते, पाणी खाली जातं, हे सांगितल्यावर म्हणाले, 'मग बरोबर आहे. आपल्या काळ्या रानात नाही चालणार.' आणि फोन आईकडे दिला.

---

द्राक्षमळा (पाच महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं काही घडलं.

फेब्रुवारीत सुट्टीवर गावी आलो. शेडमध्ये नेहमीचं काम चालू होतं, डिपिंग, रॅक भरणं, वर जाळी. शेडच्या मागे, जिथे दुपारभर ऊन असतं, तिथे बाबांनी एक ताडपत्री अंथरलेली होती. तिच्यावर सोनाकाचे दोन क्रेट घड, न बुडवता, तसेच उन्हात. मला कोणी काही बोललं नव्हतं. आई म्हणाली, रोज सकाळी आणि संध्याकाळी स्वतः उलटतात, गड्याला हात लावू देत नाहीत, रात्री जुनं धोतर टाकून झाकतात.

शेडचा माल तेराव्या दिवशी उतरला. ताडपत्रीवरचा पंचविसाव्या दिवशी. रंग तपकिरी, मध्येच काळपट. बाजारात सौद्याला नेला असता तर व्यापाऱ्याने हात लावला नसता. बाबांनी मूठ आवळून पाहिली नाही. एक दाणा अंगठा आणि बोटात धरला, फिरवला, माझ्याकडे पाहिलं. मी केलेलं त्यांनी कॉलवर पाहिलं होतं.

चव शेडच्या बेदाण्यापेक्षा गडद. गुळाकडे जाणारी, शेवटी थोडी आंबूस. गुलाबाचा वास अर्थातच नाही, सोनाका काही मस्कत नव्हे. आईने निम्मा पुलावात घातला. उरलेला मी डब्यात भरून इकडे आणलाय. ऑगस्टमध्ये परत बेटावर जायचं ठरलंय, तेव्हा तो आजींना द्यायचा आहे. बी नाही म्हणून त्या काय म्हणतील माहीत नाही.

बाबांनी पुढच्या हंगामासाठी दोन ताडपत्र्या सांगून ठेवल्या आहेत.

---

कोइमतूरकर

द्राक्षमळा, पन्नीरच्या काड्या मी इथून पाठवू का? गुलाबाच्या वासाची सोय होईल.

---

द्राक्षमळा

पाठवा साहेब. बाबांना आत्ताच विचारलं. ऑक्टोबर छाटणीच्या आधी पाठवा म्हणाले, बांधाकडेच्या पाच खुंटांवर जागा ठेवतो म्हणाले.